चिमण्यांची पानगळ

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या अख्ख्या वॉर्डाला माहीत आहे. पण नव्या घराच्या वास्तुशांतीच्या दोन दिवस आधी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती उगाच नाही. तुम्हीच सांगा.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आम्ही घर बांधलं. माझी नणंद अंजू नागपूरला असते. सहा महिने ती फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होती आणि शेवटी सजावट तिच्याकडेच गेली. देवउठनी एकादशीनंतरची वास्तूची तारीख ठरली, तशी ती एक वॉलपेपर घेऊन आली. हॉलची समोरची भिंत वरपासून खालपर्यंत लाल-नारिंगी पानांनी भरली. पाच टोकांची मोठाली पानं.

"ऑटम थीम, वहिनी. आजकल सब थीमच करते."

माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणते, उकव्याच्या मॅंगनीज खाणीत एकतीस वर्षं नोकरीला होते. रान त्यांना पाठ. ते भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"अंजू, हे कोन्या झाडाचं पान व्हय?"

"बाबा, फॉरेनचं झाड हाय ते. शरदात असंच लाल होते."

"आपल्या इकडं शरदात धान पिवळा होते. लाल पानं कुसुमाच्या झाडाले येते, ते फागुनात. अन् ते कोवळे असते, गळाचे नसते."

"इतकं कोन पाहते, बाबा!"

खरं सांगते, भिंत दिसायला छानच होती.

त्याच दुपारी परसवाड्याच्या बसने मायची झालर आली. माझी माय, दुर्गाबाई, परसवाड्याजवळच्या खेड्यात राहते. नवा धान कापला की पहिल्या लोंब्यांच्या काड्या विणून ती हातभर रुंद झालर करते. वर जाळी, खाली लोंबणारे सोनेरी दाणे. ती दारावर टांगायची आणि पाखरांनी खायची. पहिला घास पाखरांचा, मग घरच्यांचा. मायचा यात एक हट्ट आहे. ज्या दारची झालर पाखरांनी टिपली नाही, त्या घरी ती नव्या धानाचा भात तोंडात घालत नाही, मग घर पोटच्या पोरीचं का असेना. आणि वास्तूच्या पंगतीत भात नव्या धानाचाच होता.

मी बाजारातून परत आले तर झालर अंगणात वर्तमानपत्रावर पसरलेली. चकचकीत. अंजूने आणि माझ्या नवऱ्याने, राजूने, तिला सोनेरी स्प्रे मारला होता आणि वरून वार्निश.

"आता कचरा नाही पडणार, वहिनी. दहा साल टिकते," अंजू कौतुकाने म्हणाली.

"टिकवाले केली होती काय मायनं ते? खावाले केली होती!"

मी इतकी ओरडले की शेजारच्या कुकरची शिट्टी कोणाला ऐकू आली नाही. राजू खाली मान घालून डबा हलवत राहिला. अंजूचे डोळे भरले. तिने चांगल्या मनाने केलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर राग जास्त आला, कारण तो पूर्ण काढताही येईना.

झालर दारावर टांगून पाहिली. एक चिमणी आली, दाण्याला चोच लावली, तारेवर जाऊन चोच दोनदा पुसली आणि उडाली. तेवढ्यात मायचा फोन.

"लावली का झालर? आले का पाखरं?"

"हौ," मी म्हटलं.

तोंडातून गेलं ते गेलं. आता दोन दिवसांत दुसरी झालर पाहिजे होती, आणि मला झालर येत नाही. लहानपणी मी विणलेलं माय एका हाताने उसवायची. म्हणायची, "मंजू, तुही गाठ म्हंजे नुसता भरोसा."

राजूने प्रायश्चित्त म्हणून मोटरसायकलवर धानाच्या दोन पेंढ्या आणल्या. मी बसले. पहिली जाळी सुटली. दुसरी सुटली. तिसरी अर्ध्यात गेली तेव्हा मी रडले, चांगली हुंदके देऊन. माझ्या हातून जमत होत्या त्या फक्त वीतभर जुड्या. पाच-सात लोंब्या, एक गाठ. संध्याकाळपर्यंत अशा साठ-सत्तर जुड्या माझ्याभोवती पडल्या होत्या. जणू एखाद्या झाडाखालीच बसले होते.

तिथेच मला सुचलं.

ओसरीची भिंत कोरी होती. मी तिला छुईची पांढरी माती फासली, गेरू कालवला आणि काडीला चिंधी बांधून एक झाड काढायला घेतलं. फांद्या गेरूच्या झाल्या, पण खोडाला काळा रंग पाहिजे होता. मामाजी मागे उभे होते. काही न बोलता आत गेले आणि शोकेसमधला मॅंगनीजचा दगड घेऊन आले. रिटायर झाले त्या दिवशी खाणीतून आणलेला. त्याला घरात कोणी हात लावत नसे.

"मामाजी, राहू द्या."

"काहून? शोकेसमंदी तो काय काम करून राह्यला?"

त्यांनी हातोडीने दगडाचा एक कोपरा फोडला, तोंडाला गमछा बांधून कुटला आणि वस्त्रगाळ करून दिला. एवढा काळा रंग मी कोणत्याच डब्यात पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी राजूने फांद्यांवर चुका ठोकल्या आणि एकेका चुकेवर मी एकेक जुडी टांगली. पानांच्या जागी धान. ओसरी उजळली.

वास्तूच्या सकाळी माय आली. पाहुण्यांनी हॉलमधली लाल पानं पाहिली, "बढिया" म्हटलं आणि खुर्च्या शोधल्या. माय मात्र ओसरीतच थांबली.

"झालर कुठं हाय?"

मी सगळं सांगितलं. स्प्रे सांगितला, खोटं बोलले तेही सांगितलं. माय झाडाकडे पाहत राहिली. पंगतीची पानं वाढून झाली होती. लोक तिला बोलावत होते आणि ती हलत नव्हती. मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

मग एक चिमणी आली. जुडीला उलटी लटकली, झोका घेतला आणि दाणा सोलून टरफल खाली टाकलं. दुसरी आली. मग एकदम दहा-बारा. सगळं झाड हलायला लागलं. पाहुणे पंगतीवरून उठून ओसरीच्या दारात आले आणि पाखरं उडू नयेत म्हणून दम धरून उभे राहिले. हॉल रिकामा झाला. आत वाढलेला भात निवत होता, पण कोणाला भान नव्हतं. सगळ्यात मागे अंजू फोन उंच धरून उभी होती.

चिमण्या उडाल्यावर माय पुढे झाली. तिने एक जुडी ओढून पाहिली.

"ढिलीच हाय गाठ."

तिने ती पक्की केली. दुसरीही केली. तिसरीला हात घातला आणि काढून घेतला.

"बाकीच्या राहू दे. तुह्या हातच्या हायेत," ती म्हणाली आणि पंगतीत जाऊन पहिली बसली. मायने त्या दिवशी भात दोनदा मागून घेतला. मी वाढला. त्या दिवशी मी जिंकले, आणि हे सांगायला मला लाज नाही.

पूस महिना संपेपर्यंत झाड उघडं झालं. नुसतं काळं खोड आणि तांबड्या फांद्या राहिल्या. जुडी रिकामी झाली की मामाजी काडी उतरवून ठेवायचे. भिंत पुसू का म्हणून राजूने विचारलं तर म्हणाले, "पानं गेले म्हनून झाड कोनी तोडते काय?"

माघात अंजूचा फोन आला. सोनेरी झालर तिने नागपूरला नेऊन बाल्कनीत लावली होती.

"वहिनी, झाडाचे पानं सगळे गळले काय?"

"गळले नाही. खाल्ले."

"माह्या झालरीचा एकबी दाना कमी नाही झाला, वहिनी. एक पाखरू येऊन नाही राह्यलं."

मला टोमणा मारता आला असता, जिभेवर आलाही होता.

"येत्या कार्तिकात ये," मी म्हटलं. "शिकवते. गाठ ढिली आली तरी चालते."