सहीनंतरची फाइल

चालू पुस्तक छापून होईपर्यंत पानं जुळवायचं सॉफ्टवेअर बदलायचं नाही, असं मालकांनी बजावलं होतं. पण वीस वर्षं पानं जुळवणाऱ्या बाईला स्वतःच्या हुशारीची भारी खुमखुमी. तिने गुपचूप नवी आवृत्ती चढवली आणि तयार पुस्तकाची फाइल उघडली, तर समोर एक्केचाळीस चुकांची यादी. ती वाचायची तसदी कोण घेतो? ‘सगळ्यांकडे दुर्लक्ष करा’ हे बटण दाबून तिने फाइल छपाईला धाडली आणि मोकळी झाली.

तपासणीच्या सहीनंतर फाइलला कुणाचा हात लागला, तर पानं पुन्हा आप्पांकडे जायची, असा तिथला शिरस्ता. आप्पा म्हणजे मुद्रितं तपासणारे म्हातारबुवा. हे काम तिला त्यांनीच हाताला धरून शिकवलेलं. पण पानं परत द्यायची तर नव्या आवृत्तीचंही सांगावं लागलं असतं. म्हणून तिने ती दिलीच नाहीत.

पुस्तक छापून आलं, तेव्हा एक्केचाळीस पानांची शेवटची ओळच गायब होती. डोळे कामातून गेलेत का, असं मालकांनी आप्पांना सगळ्यांदेखत विचारलं. असेल बुवा, असं म्हणून आप्पांनी मान खाली घातली. तेव्हाही हिच्या तोंडाला कुलूपच.

मग तीन दिवस ती कारण शोधत बसली. टंक बदलून पाहिले, जुनी आवृत्ती परत चढवली, दोन्हींची पानं शेजारी ठेवली. नव्या आवृत्तीत ओळींमधलं अंतर केसभर वाढलं होतं आणि भरगच्च पानांची शेवटची ओळ चौकटीबाहेर गेली होती. त्या यादीत पान क्रमांकासकट हेच तर लिहिलं होतं. कपाटातल्या, आप्पांनी सही केलेल्या पानांवर मात्र ओळ न् ओळ जागेवर होती. ती पानं हातात धरून बसताना तिला स्वतःची किळस आली.

चौथ्या दिवशी आप्पा राजीनामा घेऊन आले. तिने ती पानं उचलली आणि त्यांच्या मागोमाग मालकांच्या खोलीत शिरली.

“आप्पांची चूक नाही. त्यांच्या सहीनंतर फाइल मी बदलली.”

मालकांनी तिला पुरतं फैलावर घेतलं. तिने सगळं ऐकून घेतलं. आप्पा मात्र पानांवर बोट ठेवून एकेक शेवटची ओळ वाचत होते.

“म्हणजे मला नीट दिसतंय?” त्यांनी विचारलं.

“हो, आप्पा.”

“मी सुनेला सांगून टाकलं होतं, नातीला शाळेतून आणायला मला धाडू नकोस. रस्ता ओलांडताना माझा काय भरवसा?”

त्यांनी तिथूनच सुनेला फोन लावला, आज नातीला मीच आणतो म्हणाले. मग हिच्याकडे वळून, सांगितलंस ते बरं केलंस, म्हणत त्यांनी चक्क तिचे आभार मानले. चार शिव्या हासडल्या असत्या तर तिने झेलल्या असत्या. या आभारांपुढे मात्र तिला तोंड लपवायला जागा उरली नाही.