मंदाबेनने ओतलेले दगड

मी लाटा उठवणारी फळी. बडोद्याला समुद्र नाही, म्हणून मला घडवलं. वासणा गावच्या एका सुताराने सागवान तासलं, मागे मोटर लावली आणि प्रयोगशाळेतल्या लांबलचक काचेच्या टाकीत मला उभी केली. बंदराच्या दगडी बांधाचा छोटा नमुना टाकीत रचायचा आणि मी त्याला बडवायचं. टिकला तर पास. फोडणं हाच माझा धंदा, त्याची मला लाज नाही.

सत्त्याण्णव साली एका मच्छीमार बंदराचं काम आलं. नमुन्याचे दगड मंदाबेन रचायची. शाळा चौथीपर्यंत, पण एकेक खडा फिरवून असा बसवायची की मध्ये सुई शिरू नये.

इंजिनिअर भास्कररावांनी गणितात निघालेल्या वजनाच्या दीडपट दगड धरला होता. ठेकेदाराला तो जड वाटला. "साहेब, सव्वापट बस झाला." म्हणून सव्वापटीचा बांध रचला. मी दोन दिवस झोडपलं. खडा हलला नाही.

"वा मंदाबेन! तुमच्या हातानं हलका दगड पास केला," म्हणत भास्कररावांनी सहीला पेन काढलं.

"साहेब, तिकडे दगड कोण रचणार?"

"रचतंय कोण? क्रेन वरून सोडते."

"मग ती माझ्यासारखा फिरवून बसवते का?"

पेन थांबलं. ठेकेदाराचा माणूस हसला, "बेन, तमे चा मूको ने!" म्हणजे, तुम्ही चहा ठेवा ना.

"चहा तूच ठेव. होड्या त्या बांधाच्या भरवशावर उभ्या राहणारेत."

तिने स्वतःचा बांध उपसला. तेच दगड घमेल्यात भरले आणि वरून धाडधाड ओतले. मोटर सुरू झाली. पाणी तेच, मीही तीच. दहाव्या लाटेला वरचा खडा डुगडुगला. पंधराव्याला घरंगळला. सगळे काचेला नाक लावून उभे. बाविसाव्या लाटेला माथा खचला आणि पाणी होड्यांच्या जागेत घुसलं.

"एक वार फरीथी..." पुन्हा एकदा घ्या, असं ठेकेदाराचा माणूस पुटपुटला.

"नाही!" भास्करराव ओरडले. "दीडपटच. आणि तोही ओतूनच तपासायचा."

जड दगड ओतला. मी जीव खाऊन मारलं. दोन खडे सरकले, माथा उभा राहिला. त्यावर सही झाली.

आता लाटा कॉम्प्युटरवर उठतात. मी बाजव्याच्या गोदामात कुजतेय. चुलीत घाला, तक्रार नाही. पण सही करणाऱ्यांनो, वजनातली ती पाव पट कापण्याआधी टाकीतला दगड कुणी कसा ठेवलाय, तेवढं विचारा. समुद्र तुमच्या कौतुकासाठी थांबत नाही.