लतानगरचं धान्य

रविवारी दहा ते पाच लाईट जाणार असा मेसेज आला, तेव्हा धोंडीराम केदारेंना इतका आनंद झाला की तो लपवायला ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. अख्खी सातपूर कॉलनी पंख्यांच्या नावाने कुरकुरत होती आणि हा माणूस मिशीवरून हात फिरवत मनात म्हणत होता, वाचली बिचारी!

त्याचं असं झालं होतं, की कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्यांनी आणि लताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कॉम्प्युटरवर एक जुना गेम खेळायला घेतला होता. नवरा-बायकोने एकेक गाव वसवायचं (लतानगर तिचं, धोंडेवाडी यांची), आळीपाळीने चाल खेळायची आणि गेममधली दहा वर्षं संपली की ज्याच्या कोठारात धान्य जास्त तो जिंकला. गेम फुकटातला, त्यामुळे त्यात सेव्ह करायची सोयच नव्हती. म्हणून कॉम्प्युटर कधी बंदच करायचा नाही. रात्री त्यावर रुमाल टाकायचा आणि बटणावर चिकटपट्टी. लाईट गेलीच तर इन्व्हर्टर तासभर तग धरायचा, त्यावर आजवर भागलं होतं.

शिवाय पैज! लताबाई हरल्या तर त्यांनी मालेगावच्या भावांसमोर कबूल करायचं, की मटणाचा रस्सा नवऱ्यासारखा आपल्याला जमत नाही. धोंडीराम हरले तर मिशी उतरवायची. पैज लावताना यांना वाटलं होतं, ही काय जिंकते डोंबल! आता एकच वर्ष उरलं होतं, लतानगरची कोठारं ओसंडून चालली होती आणि धोंडेवाडीत उंदीरसुद्धा उपाशी होते.

"सगळी मेहनत पाण्यात गेली गं लता," घरात येऊन ते तोंड पाडून म्हणाले. "आता पहिल्यापासून."

"पहिल्यापासून कशाला, पप्पा?" संजना म्हणाली. ही त्यांची मुलगी, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. "सगळं मेमरीत आहे ना? उचलून फाइलमध्ये ठेवू."

झालं! पोटच्या पोरीनेच घात केला.

"मग मार की कॉपी," लताबाई म्हणाल्या.

"नुसती नाही मारता येत, आई. चाल अर्धी असताना उचललं तर अर्धं जुनं, अर्धं नवं येईल. गेमच्याच पोटात असेंब्लीच्या, म्हणजे थेट मशीनच्या भाषेतल्या, चार ओळी घुसवते. चाल संपली रे संपली, की त्या आतलं सगळं एका कोऱ्या जागेत नेऊन ठेवतील. तिथून माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, ते फाइलमध्ये उतरवेल."

धोंडीरामांना राग आला होता, पण त्या ओळी बघून राहवेना. हे उचल, तिथे ठेव, इकडे उडी मार. अरे, हे तर त्यांच्या लेथ मशीनवरच्या प्रोग्रॅमसारखंच! उभा जन्म त्यांनी तेच केलं होतं. मुलीलाही त्यांनी कारखान्यातली शिस्त लहानपणापासून शिकवली होती. मूळ प्रोग्रॅमला हात लावायच्या आधी कॉपी काढायची आणि आकडा बदलला की शेजारी सही करायची. किराणाच्या चिठ्ठीत पाव किलोचा अर्धा किलो केला तरी पुढे 'डी.के.' लिहिणारा हा माणूस.

शनिवारी संध्याकाळी फाइल तयार झाली. संजनाने ती लॅपटॉपवर उघडून दाखवली. "हा आकडा म्हणजे तुमचं धान्य, पप्पा. त्याला लागूनच आईच्या गावाचं नाव."

"असं होय," धोंडीराम म्हणाले आणि त्यांनी ती जागा नीट बघून ठेवली.

रविवारी लाईट गेली, तासाभराने कॉम्प्युटरही बंद झाला आणि मायलेकी पंचवटीत भाजी आणायला गेल्या. लॅपटॉप टेबलावर होता, चांगली बॅटरी भरलेला. धोंडीरामांनी टेबलाभोवती दोन चकरा मारल्या. या वयात लबाडी? शोभतं का? मग त्यांनी एकदा आरशात बघितलं आणि सरळ फाइल उघडली. फार हावरटपणा नको म्हणून लताच्या धान्यापेक्षा जरासाच मोठा आकडा त्यांनी टाकला. एवढ्यात खाली स्कूटीचा हॉर्न वाजला. घाईघाईत सेव्ह करून ते खुर्चीत डोळे मिटून पडले.

पाचला लाईट आली. संजनाने गेम सुरू केला, स्क्रिप्ट उलटी चालवली आणि पडद्यावर दोन्ही गावं जशीच्या तशी उभी राहिली.

"अरे वा! धोंडेवाडी वर!" धोंडीराम ओरडले. जरा लवकरच ओरडले.

लताबाई पडद्याला नाक लावून बघत होत्या. "अहो, माझ्या गावाचं नाव असं काय झालं?"

इंग्रजीत LATANAGAR होतं तिथे आता D.K.NAGAR होतं.

आकडा बदलला आणि बोटांनी सवयीने शेजारी सही ठोकली होती! त्यांना पत्तासुद्धा लागला नव्हता. "व्हायरस असेल," ते पुटपुटले.

"व्हायरसला तुमची सही कशी येते?" लताबाईंनी विचारलं आणि संजना पोट धरून खाली बसली.

"मूळ फाइल वेगळी ठेवलीय मी," हसू आवरल्यावर ती म्हणाली. "कॉपी काढल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मला कोणी शिकवलं, पप्पा?"

मूळ फाइल चढली, शेवटचं वर्ष खेळून झालं आणि धोंडेवाडीचा पार धुव्वा उडाला. धोंडीराम मुकाट्याने वस्तरा घेऊन बाथरूममध्ये गेले. लबाडी पकडली गेल्याची लाज हरण्यापेक्षा जास्त झोंबली होती. बाहेर लताबाई फोटो काढायला मोबाइल धरून उभ्या, हसायच्या तयारीत.

ते बाहेर आले. लताबाई हसल्याच नाहीत. मोबाइल खाली गेला. लग्नात मिशी होती, संजना झाली तेव्हा होती, रिटायरमेंटचा हार गळ्यात पडला तेव्हाही होती. घरात कोणी परका पाहुणा शिरावा तशा त्या बघत राहिल्या आणि बघता बघता त्यांचे डोळे भरून आले.

"संजना," त्या मुलीला हळूच म्हणाल्या, "यांची मूळ कॉपी काढून ठेवलीस का गं?"

धोंडीरामांचा हात मिशीवर गेला, तिथे काहीच नव्हतं. तरी त्यांनी पीळ दिला.