मुद्देमालाचा फोन

हवालदार हारून शेख माझ्या ऑफिसात हेल्मेट घालून आले आणि हेल्मेट घालूनच बसले. सोलापुरात हेल्मेट घातलेला माणूस दिसला की लोक वळून बघतात. लपायला याहून वाईट वेश त्यांना सापडला नसता.

"मॅडम, मला येताना कुणी बघितलं नाय ना?"

"खालच्या चहावाल्यानं विचारलंय, हारूनभाईंना साखर कमी की जास्त."

त्यांनी हेल्मेट काढलं. चेहरा उतरलेला होता. तसे ते माझ्या विरुद्ध बाजूचे. मी वकील, माझी अशील गोजरबाई. उजनीच्या पाण्याकाठी तिची केळीची बाग आहे. तिथली पाण्याची मोटर चोरीला गेली, हारूनभाईंनी टेंभुर्णीच्या अलीकडे चोर पकडले आणि मोटर ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत आली. किल्ली हारूनभाईंकडे. इथवर सगळं शाळेच्या धड्यात घालण्यासारखं होतं. पुढे मी मोटर परत मिळण्यासाठी अर्ज केला आणि पोलीस दर तारखेला म्हणू लागले, तपास चालू आहे. चोर सापडले होते, मोटर सापडली होती. आता फक्त पोलीस सापडायचे राहिले होते.

"मोटर खोलीत नाय," हारूनभाई म्हणाले. "साहेबांनी नेली. 'टेस्टिंगला नेतो' म्हणाले."

साहेब म्हणजे ठाण्याचे निरीक्षक महादेवप्पा.

"आता कोर्टानं मोटर हजर करा म्हटलंय. तर साहेब म्हणतात, 'हारून, तू विकलीस असं सांगू. किल्ली तुझी, सही तुझी. तू फक्त हो म्हण, पुढचं मी बघतो.'"

"पुढचं म्हणजे काय?"

"माझी जेल." चहा आला तसा त्यांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. "सगळी नोकरी एक डाग न लागता केली, मॅडम. कमरबी म्हणते, वर्दी गेली तर जाऊ दे, पण चोर म्हणून गेली तर मी माहेरी जाते."

कमरबीभाभींचं माहेर मागच्याच गल्लीत आहे. पण म्हणून काय झालं.

मी गोजरबाईला फोन लावला. बातमी हळूच सांगायची ठरवलं. "मावशी, घाबरू नका. तुमची मोटर ठाण्यात नाहीये."

"न्हाय व्हय? मग कुटनं फोन करती ती?"

"कोण?"

"मोटर."

आमच्याकडे शेतकरी मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवतात. लोखंडी पेटी, आत सिमकार्ड. लाईट आली की पेटी मालकाला फोन करून कळवते. मालकानं घरबसल्या एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. चोरांनी मोटर पेटीसकट नेली होती, पोलिसांनी पेटीसकट पकडली होती आणि साहेबांनी पेटीसकट ढापली होती. प्रत्येकानं आपापलं काम नीट केलं होतं.

"पण त्या सिमचं रिचार्ज कोण करतं?"

"मीच की. चोरीला गेली म्हून उपाशी ठिवायची व्हय तिला?"

"मावशी, हे आधी का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, ठाण्यातल्या झाडास्नी पानी घालत्यात. सरकारी झाडं हायती, पिऊ दे की."

ठाण्यात एकच लिंबाचं झाड आहे आणि त्याला जप्त केलेल्या मोटरसायकली टेकवून ठेवल्यात. पाणी घातलं तर गंजतील.

रविवारी मी हारूनभाईंच्या गाडीवर मागे बसून उजनीचा काठ पालथा घातला. आमची शोधपद्धत साधी होती. जिथं पाणी उडताना दिसेल तिथं थांबायचं आणि गोजरबाईला फोन करून दोन दाबायला सांगायचं. बऱ्याच ठिकाणी काही झालं नाही. एका उसाच्या फडात पाणी थांबलं म्हणून हारूनभाईंनी मला जवळजवळ मिठी मारली. मग कळलं, तिथली लाईट गेली होती.

शेवटी एक फाटक लागलं. वर पाटी, 'सत्यमेव फार्म'. आत हिरवळ आणि हिरवळीच्या मधोमध सिमेंटचा पांढरा हंस, माणसाएवढा. चोचीतून कारंजं.

"मावशी, दोन दाबा."

हंस थांबला.

"आता एक."

हंसाला ओकारी आली.

"हे साहेबांचं फार्म," हारूनभाई म्हणाले आणि सवयीनं हंसाला सॅल्यूट ठोकून बसले.

पण मोटर होती कुंपणाच्या आत, खाली पाण्याजवळ. आत जायचा आम्हाला हक्क नाही आणि हंसाचा फोटो दाखवून काही सिद्ध होत नाही. मग हारूनभाईंना आठवलं, तारखेच्या दिवशीच साहेबांनी फार्मवर वरच्या साहेबांना सहकुटुंब जेवण ठेवलं आहे. कोंबड्या आणायचं काम हारूनभाईंकडेच होतं.

"आणा," मी म्हणाले. "चांगल्या बघून आणा."

तारखेला कमरबीभाभी मागच्या बाकावर येऊन बसल्या. बरोबर एक मोठी पिशवी. हारूनभाईंनी पिशवीकडे पाहिलं आणि टोपी काढून काखेत मारली.

महादेवप्पा साक्षीला उभे राहिले. आवाज रेडिओसारखा. "मोटर मुद्देमाल खोलीत होती. किल्ली हवालदार शेख यांच्या ताब्यात. मोटर आता तिथे नाही. मला माझ्या माणसाबद्दल बोलताना अतिशय दुःख होत आहे."

न्यायाधीश दाक्षायणी मॅडमनी हारूनभाईंकडे पाहिलं. ते भिंतीला लागून उभे होते, टोपी काखेत, मान खाली.

मी उठले. "मॅडम, माझ्या अशिलाला एक फोन करायची परवानगी मिळावी."

"कोर्टात? कुणाला?"

"मुद्देमालाला."

मॅडमनी चष्मा काढला. "मुद्देमाल फोन उचलतो?"

"पहिल्या रिंगला. ठाण्यापेक्षा लवकर."

परवानगी मिळाली. गोजरबाईनं फोन स्पीकरवर टाकून बाकावर ठेवला. एक गोड आवाज म्हणाला, "नमस्कार. वीजपुरवठा सुरू आहे. मोटर बंद आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा."

"दाबू का, बाई?" गोजरबाईनं विचारलं.

मॅडमनी चष्मा परत लावला. एवढी वर्षं न्यायदान केलं, पण असा अर्ज त्यांच्यापुढे आला नव्हता. "दाबा."

"धन्यवाद. मोटर चालू झाली आहे."

"ही कुणाचीही मोटर असू शकते," महादेवप्पा म्हणाले.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "जरा थांबू या."

पंखा फिरत होता. मग महादेवप्पांच्या खिशात पोलीस सायरन वाजला. ती त्यांची रिंगटोन होती.

"कोर्टात मोबाईल चालू?" मॅडमचा आवाज चढला. "उचला. आम्हालाही ऐकू द्या."

"साहेब, भीमा बोलतोय, फार्मवरनं! हंस आपोआप सुटला बगा! मोठ्या बाईसाहेब त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत हुत्या, लई भिजल्या! साडी पार गेली!"

"गोजरबाई," मॅडम हळूच म्हणाल्या, "दोन दाबा."

"थांबला! साहेब, देव पावला!"

"एक दाबा."

"साहेब, परत आला की हो! आता साहेबच भिजले, मोठे!"

न्यायाधीशांनी हे आणखी एकदा करून पाहिलं. पुराव्याची खात्री करून घ्यावीच लागते.

दुपारी कोर्टाचा बेलिफ हारूनभाईंना घेऊन फार्मवर गेला. पाण्याजवळ मोटर सापडली. तिच्या अंगावर गोजरबाईनं कधीकाळी खिळ्यानं आपलं नाव कोरलेलं होतं. महादेवप्पांची चौकशी लागली. ते सध्या आजारी रजेवर आहेत. सर्दी आहे म्हणतात. ती त्यांना कशी झाली, कळत नाही. भिजले तर दुसरेच होते.

कोर्टाबाहेर कमरबीभाभींनी ती पिशवी माझ्या हातात दिली. आत कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

"मला वाटलं, ही माहेरची पिशवी," हारूनभाई म्हणाले.

"छूटे तो इनकू, अंदर गए तो तुमकू," भाभी म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

मोटर केळीत परत गेली. हंस मात्र पुरावा म्हणून जप्त झाला आणि मुद्देमाल खोलीत आला. त्याची चोच दाराबाहेर राहते, म्हणून दार पुरतं लागत नाही, म्हणून हारूनभाई खुर्ची टाकून दारातच बसतात. किल्ली अजून त्यांच्याकडेच आहे.

गोजरबाईनं पेटीत आपल्याखाली दुसरा नंबर त्यांचा टाकलाय. उपकाराची फेड म्हणून. लाईट आली की मोटर आता ठाण्यातही फोन करते. हारूनभाई खुर्चीतून उठून तो घेतात. "बोला. आली का लाईट? बरं, बरं." आवाज सांगतो, चालू करण्यासाठी एक दाबा.

ते कधीच दाबत नाहीत. मोटर गोजरबाईची आहे.