मधली खुर्ची

शाळेतल्या नोकरीत कायम झालं तर पदरात काय पडेल, ते मनबाईंनी मनाशी केव्हाच मांडून ठेवलं होतं. लेकीला त्याच शाळेत प्रवेश. जिन्याखालच्या कोंदट खोलीऐवजी खिडकीची खोली. शिवाय सासूबाईंचं तोंड बंद. "मुलांशी गप्पा मारायचा पगार देतात का गं?" असं त्या पाहुण्यांदेखत विचारत. हा लाभ खरं तर पहिला धरायचा, पण मनबाई तो शेवटी मोजत.

मनबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. शाळा आंतरराष्ट्रीय. आईबापांच्या बदल्यांबरोबर देशोदेशीची मुलं तिथे यायची आणि जीव रमायला लागला की उठून जायची. या येण्याजाण्यात कुणाच्या आत काही मोडलं तर ते मानसशास्त्रज्ञ म्हणून मनबाईंनी सांधायचं. मात्र फार आवाज न करता, ही मुख्याध्यापकांची अट.

सहावीतली एक मुलगी डबा खात नव्हती. ही तिची पाचवी शाळा. चार भाषा अस्खलित बोलायची, म्हणून शिक्षक तिला कौतुकानं 'डिक्शनरी' म्हणत. ती डबा स्वच्छतागृहात रिकामा करायची, धुवायची आणि घरी न्यायची. तिचं मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं, तेव्हा मनबाईंनी आईला बोलावलं. बाप कायम दौऱ्यावर, आणि आईला शाळेची भाषा येत नव्हती.

"दुभाषी मागवू या, सर," मनबाई म्हणाल्या.

"दुभाषी कशाला? घरचीच डिक्शनरी आहे की!" मुख्याध्यापक स्वतःच्या विनोदावर हसले. "बाहेरचा माणूस आला की बाहेर बोभाटा. आणि शुक्रवारी तुमचं कायम व्हायचं ठरतंय, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. म्हणून मुलगी मधल्या खुर्चीत बसली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाई.

"आईला सांग, तू जेवत नाहीस, डबा टाकून देतेस. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायला हवं."

मुलगी आईकडे वळून गोड आवाजात बरंच काही बोलली. आई हसली. इतकी मनापासून, की डोळे भरून आले.

"काय म्हणाल्या?"

"तुमचे उपकार आहेत म्हणते. दाखवू डॉक्टरांना."

ते हसू मनबाईंना खटकलं. दारापर्यंत जाऊन त्यांनी मुलीकडे बोट केलं, मग हाताचा घास करून तोंडाकडे नेला आणि नकारार्थी मान हलवली. आईनं जोरजोरात मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तिनं मुलीबरोबर मनबाईंसाठी भरलेला डबा पाठवला.

आईपर्यंत निरोप पोचलाच नाही, हे कुणालाही तेव्हाच कळलं असतं. मनबाईंनाही कळलं. पण परत बैठक म्हणजे परत दुभाषी, परत मुख्याध्यापक, आणि शुक्रवार तोंडावर आलेला. शुक्रवार होऊन जाऊ दे, मग बघू, असं म्हणून त्यांनी डबा उघडला. चव छान होती.

गुरुवारी मुलगी पोहण्याच्या तलावाच्या पायऱ्यांवर कोसळली.

मनबाई आणि मुख्याध्यापक रुग्णालयात पोचले, तेव्हा तिथे रुग्णालयाची स्वतःची दुभाषी होती, चष्मा डोक्यावर चढवलेली एक जाडजूड बाई. तिच्या तोंडून आई बोलली, "बाईंनी तर सांगितलं होतं, हिला इथे खूप मैत्रिणी मिळाल्यात. या शाळेत ही सुखात आहे."

पलंगावरून मुलगी शाळेच्या भाषेत म्हणाली, "बाईंनी सगळं खरं सांगितलं होतं. मीच वेगळं सांगितलं. आई प्रत्येक शाळेत माझ्यासाठी रडते. म्हटलं, एकदा हसू दे. बाईंना काही माहीत नव्हतं."

मुख्याध्यापकांनी रोखलेला श्वास सोडला. "पाहिलंत? शाळेनं आपलं काम केलं होतं."

त्यानंतर क्षणभर बोलायला जागा होती. मनबाईंनी ती जाऊ दिली. पिशवीतून धुतलेला डबा काढून त्यांनी स्टुलावर ठेवला.

"सगळं संपवलंत?" मुलीनं विचारलं.

"हो."

"आईला सांगते. तिला बरं वाटेल." दुभाषी शेजारी उभी असूनही तिनंच ते सांगितलं. आईनं डब्याकडे पाहिलं आणि तोंडावर पदर घ्यावा तसे दोन्ही हात घेतले.

मनबाई कायम झाल्या. खिडकी मिळाली. त्याच वर्षी लेकही शाळेत आली. सहावीत एक जागा रिकामी झाली होती, कारण बापानं बदली मागून घेतली आणि ते कुटुंब सहाव्या शाळेकडे निघून गेलं. सासूबाईंचं तोंड काही बंद झालं नाही. त्या आता विचारतात, "पोरीचा धुतलेला डबा रोज हुंगतेस कशाला गं?"

खोटारडेपणाचा ठपका अकरा वर्षांच्या मुलीच्या नावावर पुढच्या शाळेकडे रवाना झाला. जेवले म्हणाली तरी आईचा आता विश्वास बसत नाही, तिच्या चारही भाषांवर. आईला हसवण्याचं ते एकच साधन तिच्याकडे होतं, ते गेलं. बाकी कुणाकडून काही येणं निघत नाही.