तळमजल्यावरची वाळू

आमच्या घरात रात्र दुपारी दोन वाजता होते. माशांच्या टाकीच्या दिव्याचा टायमर मी उलटा लावला. तो कसा बदलायचा हे सांगणारा कागद टाकीत पडून त्याचा लगदा झाला. तेव्हापासून खाऱ्या पाण्यातले मासे आणि बाबा एकाच वेळापत्रकावर आहेत.

बाबांनी एकतीस वर्षं एका उंच इमारतीत लिफ्ट चालवली. निवृत्त झाले आणि झोप उडाली. "पलंग हलत नाही रे," म्हणायचे. गोळ्यांनीही काही हललं नाही. मग एका दुपारी टाकीचा दिवा गेला, पाणी निळंकाळं झालं, एका पिवळ्या माशानं तळाच्या वाळूत सूर मारून शेपटीपर्यंत पांघरूण ओढलं, आणि समोरच्या खुर्चीत बाबा घोरायला लागले. ही जात वाळूत शिरूनच झोपते. बाबा या माशाला सूनबाई म्हणतात. खऱ्या सुनेची माझ्याकडून आशा उरलेली नाही.

रोज दोनला दोघं निजायचे. मी चपला हातात घेऊन वावरायचो.

मग ताई आली. ताई दातांची डॉक्टर. टाकीसमोर अशी वाकली, जणू टाकीनं आ करायचा होता.

"ही वाळू किती वर्षांची?"

"चार."

"माशांचं उष्टं, घाण कुठे जाते?"

"वाळूत."

"म्हणजे हिरड्यांखाली. शाब्बास! म्हणूनच प्रवाळ काळवंडलंय. काढ सगळी. तळाला नुसती काच हवी."

प्रवाळ खरंच काळवंडलं होतं. मी नळी लावून रोज थोडी थोडी वाळू उपसली. दोन बादल्या निघाली. प्रवाळ आठवड्यात गुलाबी झालं. मात्र शेवटची वाळू निघाली त्या दुपारी दोनला अंधार झाला, सूनबाईंनी सूर मारला.

टण्.

पुन्हा मारला. टण्. मग सूनबाई कोपऱ्यात काचेवर आडव्या झाल्या, डोळे उघडे. खुर्चीत बाबांचेही.

चौथ्या दिवशी बाबा फ्रिजचं दार उघडून उभे होते. कुणी चढणार आहे का, याची वाट बघत.

मी ताईला बोलावलं. तिनं आधी बाबांकडे पाहिलं, मग सूनबाईंकडे. चेहरा पडला तिचा.

"सगळे दात काढले की कीड जाते," ती म्हणाली, "पण पेशंटला मी हे कधी सांगत नाही."

तिनं केक भाजायचं काचेचं खोल भांडं घेतलं. पाणी नितळ येईपर्यंत बादलीतली वाळू धुतली, भांड्यात चार बोटं भरली आणि भांडं टाकीच्या कोपऱ्यात अलगद ठेवलं. बाकीचा तळ उघडाच.

"घाण झाली तर उचलून धुता येईल. एक माणूस, एक पलंग."

"मासा आहे तो, ताई."

"गप्प बस."

दोन वाजले. दिवा गेला. सूनबाईंनी भांड्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. बाबा पुढे वाकले.

"या, आत या," ते हळूच म्हणाले. "दार लागतंय."

वाळू एकदा उसळली आणि निवांत झाली. बाबा खुर्चीत सावकाश खाली घसरू लागले. "सातवा... चौथा... दुसरा..." मग अगदी तृप्त आवाजात, "तळमजला."

घोरणं सुरू झालं.

"दर रविवारी भांडं धुवायचं," ताई पुटपुटली. मी वळून पाहिलं, तर तिचेही डोळे मिटलेले. मी चपला हातात घेतल्या.