बोंगनिमची तक्रार

सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या रविवारी पाळकसाहेबांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी सगळ्या मंडळीला जांभळे रबरी पट्टे वाटले. व्यासपीठापुढे भोपळे, नाशपाती, नव्या तांदळाची पोती अशी रास लागली होती. त्या राशीमागे उभं राहून ते म्हणाले, आजपासून नाताळपर्यंत कोणी तक्रार करायची नाही. थंडी वाजली तरी नाही, सून उलटून बोलली तरी नाही. तोंडून कुरकुर निघालीच तर पट्टा या मनगटावरून काढून त्या मनगटावर घालायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. मंडळी हसली आणि मोठ्यानं आमेन म्हणाली. दोकसिमला मात्र आमेन म्हणवेना. येत्या गुरुवारी चर्चच्या अंगणात हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायची होती, आणि त्या दिवशी तिला एका बाईची कुरकुर हवीच होती.

ती बाई म्हणजे बोंगनिम.

दोकसिम चर्चची ज्येष्ठ सेविका. हेनामच्या त्या किनाऱ्यावर कोबी कोणालाही पिकवता येतो, पण किमचीच्या मसाल्याचं मीठ बघावं ते दोकसिमनंच, असं सगळ्या बायका मानत. ती तराजू वापरत नसे, मापाची वाटी वापरत नसे. लालभडक मसाल्यात बोट बुडवायची, जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची. मग ती "हं" म्हणाली की बायका कामाला लागायच्या. तोवर कोणाची हात घालायची टाप नव्हती. ही किमची रविवारच्या जेवणाला वसंतापर्यंत पुरायची, आणि नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी गावातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी डबे भरून जायची. त्यातल्या काहींना तर हिवाळाभर भाताबरोबर तेवढंच असायचं.

आणि यंदा दोकसिमची चव गेली होती.

शरदातल्या चुसोकच्या सणाला सूप ढवळताना तिला पहिल्यांदा ते कळलं. आधी वाटलं, सर्दी असेल. मग एके दिवशी दार लावून घेऊन तिनं चमचाभर मीठ तोंडात टाकलं. जीभ चुरचुरली, बाकी काही नाही. वाळू खाल्ली असती तरी तेवढंच कळलं असतं. तेव्हापासून तिचं धाबं दणाणलं होतं, कारण तिच्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी वास गेला, मग चव, मग शेजारणींची नावं, मग पोटच्या पोरांची. ग्वांगजू शहरातल्या वृद्धाश्रमात बहीण शेवटी दोकसिमलाच "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" असं विचारायची. दोकसिमचा मुलगाही ग्वांगजूलाच राहत होता. त्याला कळलं की तोही तिला तिथंच नेऊन ठेवणार, आणि कळायला किती वेळ लागणार? चर्चमध्ये एकीला सांगितलं की संध्याकाळपर्यंत फोन गेलाच म्हणून समजा. आणि बायका? त्या बहिणीशी बोलायच्या तशा तिच्याशीही सावकाश, मोठ्यानं बोलायला लागतील, जशी काही ती बहिरी आहे. ते तिला मरणाहून नकोसं होतं.

तिला एकच वाट दिसत होती. बाकीच्या बायका तिनं काहीही भरवलं तरी "अहाहा, अक्का!" म्हणणार, ज्येष्ठ सेविकेच्या हातच्याला नाव कोण ठेवील? पण बोंगनिम डोंगराकडली, उकडलेल्या बटाट्यांवर आणि कमी मिठावर वाढलेली. लग्न होऊन या किनाऱ्यावर आली त्या वर्षापासून ती दर किमचीला नाक मुरडून म्हणायची, "खारट झालीय." आणि दोकसिम दर वर्षी तिला सगळ्यांसमोर गप्प करायची. गंमत अशी की बोंगनिमला खारट लागली की ती किनाऱ्यावरच्या जिभेला बरोबर असायची. म्हणजे बोंगनिमला घास भरवत राहायचं, ती तोंड वाकडं करीपर्यंत मीठ वाढवत जायचं आणि तिथं थांबायचं. किती सोपं होतं! आणि नेमके पाळकसाहेबांना पट्टे सुचले.

"बोंगनिमचा पट्टा तर दुपारपर्यंत सतरा वेळा मनगट बदलेल," माकरे त्याच रविवारी सगळ्यांसमोर म्हणाली होती. माकरेच्या तोंडाला लगाम नाही हे साऱ्या गावाला ठाऊक. बायका खिदळल्या. बोंगनिमचे कान लाल झाले आणि ती म्हणाली, "बघाच मग. नाताळपर्यंत शब्द काढला तर नाव लावणार नाही." आता ती डोंगरातली हट्टी बाई, एकदा बोलली म्हणजे बोलली.

गुरुवारी समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता. आदल्या दिवशी मिठात घातलेले कोबी धुऊन जाळ्यांवर निथळत होते. अंगणात निळं प्लास्टिक अंथरलं होतं, रबरी हातमोजे घातलेल्या बायका घमेल्याभोवती बसल्या होत्या, आणि मागे पाळकीणबाई मोठ्या पातेल्यात डुकराचं मांस शिजवत होत्या. दोकसिमनं घमेल्यात मिरचीची भरड, लसूण, आलं, तांदळाची पेज आणि मुळ्याचा कीस ओतला. मग मासळीचं खारवण घातलं, दर वर्षी हात जेवढा वळायचा तेवढंच. पण हाताची खात्री कशी द्यायची? जिभेनं दगा दिला, तसा हातही देईल. तिनं बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. आत नुसता अंधार. बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"आज तुम्हीच चाखा," ती उसनं हसत म्हणाली आणि कोबीच्या पानात मसाला गुंडाळून तिनं माकरेला भरवला.

"अहाहा! अक्का, तुमचे हात सोन्यानं मढवायला हवेत."

पाळकीणबाईंनाही भरवला. "फारच छान हो!" झालं. दोघींकडून काडीचीही माहिती मिळाली नाही.

"बोंगनिम, आ कर."

बोंगनिमनं घास चावला, गिळला. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. तिनं मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे."

म्हणजे अळणी आहे, दोकसिमनं मनाशी म्हटलं. खारवलेली कोळंबी ओंजळभर घातली, ढवळलं, पुन्हा घास केला. "आता बघ."

"छान आहे, अक्का."

आणखी खारवण. आणखी एक घास.

"देवाची कृपा," बोंगनिम म्हणाली. तिचा आवाज जरा बसल्यासारखा झाला होता. का तो तिखटानं बसला? दोकसिमला काही कळेना. खरंच अळणी आहे की बाई हट्टानं गिळतेय? खारवणाची वाटी धरलेला तिचा हात घमेल्यावर तसाच थांबला. थांबावं तर सपक किमची पंधरा दिवसांत आंबून सडेल. ओतावं तर विष होईल. म्हाताऱ्या माणसांच्या पोटात जायचं आहे हे.

"अक्का, आज काय झालंय?" माकरे म्हणाली. "मांस शिजून गळायला आलं. बोंगनिमलाच भरवताय लाडानं, आम्ही काय सावत्र?"

बायका हसल्या. दोकसिमनं वाटी घमेल्यात रिकामी केली. बोंगनिमनं तो घासही घेतला, मान डोलावली, आणि उठून भराभर चर्चच्या मागे निघून गेली.

"मीठ संपलं वाटतं, आणते," असं काहीतरी पुटपुटत दोकसिम तिच्या मागे गेली.

बोंगनिम नळाला तोंड लावून पाणी पीत होती. गटागटा, श्वाससुद्धा न घेता. दोकसिमनं तिची बाही धरली.

"खरं सांग. खारट झालंय ना?"

बोंगनिमनं तोंड पुसलं. "मी काही बोलणार नाही. तुम्हाला तेच हवंय. मला बोलायला लावायचं आणि सगळ्यांसमोर पट्टा बदलायला लावायचा. इतकी वर्षं हसं केलंत, पोट नाही भरलं?"

"तुझी शपथ, तसं नाही गं."

"मग घासावर घास का कोंबताय? शेवटचा गिळताना डोळ्यांसमोर काजवे चमकले माझ्या!"

दोकसिमला वाटलं होतं, हे शब्द ती कधीच कोणापुढे काढणार नाही. पण घमेल्याभोवती बायका खोळंबल्या होत्या, आणि आतला जीव कधीचा टांगणीला लागला होता.

"मला चव लागत नाही, बोंगनिम. चुसोकपासून काहीच लागत नाही. ताईचं झालं तसंच होतंय मला." आणि तिथंच, नळापाशी, लाल हातमोजे घातलेली ती ज्येष्ठ सेविका हुंदके देऊन रडली.

बोंगनिमनं नळ बंद केला.

"डॉक्टरकडे गेलात?"

"भीती वाटते."

"सोमवारी जाऊ. मी येते बरोबर. कदाचित साधंच काही असेल, माझ्या मावशीला तापानंतर असंच झालं होतं." तिनं हातमोज्यांवरचं पाणी झटकलं. "नसेलही साधं. पण बघायला नको का?"

"आधी त्या घमेल्याचं काय करू?"

"समुद्र झालाय त्याचा. मुळा किसून घालायचा, भरपूर. पेज वाढवायची. मिठात न घातलेले कोबी आहेत मागे, तेही चिरून घालू. होईल नीट."

"मग चल, मी सांगते सगळ्यांना. बोंगनिम म्हणते तसं करू या म्हणून."

"खुळ्या आहात का!" बोंगनिमनं तिचा दंड धरला. "तुम्ही माझं ऐकलंत? आजवर एकदा तरी ऐकलंय? माकरेला तेवढं पुरे आहे, जेवणं व्हायच्या आत ग्वांगजूला फोन जाईल. मी तक्रार करते. तुम्ही भांडा माझ्याशी. दर वर्षी भांडता तशा. डोळे पुसा आधी."

अंगणात येताच बोंगनिमनं घमेल्यात बोट घातलं, चाटलं आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "छे! खारट! माणसं मरतील हे खाऊन!"

बायकांनी एकच कल्लोळ केला. "गेला! पट्टा गेला!" माकरेनं टाळ्या पिटल्या. पाळकीणबाईसुद्धा पळीसकट धावत आल्या. बोंगनिमनं हातमोजा काढला, पट्टा या मनगटावरून त्या मनगटावर घातला. खाली मान घालून. सगळ्यांसमोर. आणि दोकसिमकडे डोळे वटारले. बोला ना!

दोकसिमनं कंबरेवर हात ठेवले. "ब... बटाटे उकडून खाणाऱ्यांना काय कळतंय मिठातलं!"

"बटाट्याला चव तरी असते!"

"मग जा की डोंगरात! कोणी धरून ठेवलंय?"

"आधी हे नीट करते, मग जाते," असं म्हणत बोंगनिमनं किसणी ओढली आणि मुळा घमेल्यात धबाधबा पडायला लागला. दोकसिम तोंडानं शिव्या देत होती, तिच्या सासरचा, माहेरचा उद्धार करत होती, आणि हातानं गुपचूप पेज ओतत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"अक्का, रडताय?" माकरेनं विचारलं.

"मिरची गेली डोळ्यात," बोंगनिमच मध्ये बोलली. "एवढी कोणी घालतं का?"

शेवटी दोकसिमनं बोट बुडवलं, डोळे मिटले, आणि पापण्यांच्या फटीतून बघितलं. बोंगनिमनं हनुवटी इवलीशी खाली केली. "हं," दोकसिम म्हणाली. बायका कोबीवर तुटून पडल्या.

दुपारी सगळ्या मांसाचे काप आणि ताजी किमची घेऊन बसल्या. दोकसिम एका कडेला बसली होती, तिची भूक मेली होती. बोंगनिम येऊन तिला खेटून बसली आणि तिनं एक घास तिच्या तोंडात कोंबला.

"चावा. सांगते," ती हळूच म्हणाली. "आधी तिखट. मग मासळी. आता मुळ्याचा गोडवा येतोय. मीठ आहे, पण मागे आहे. तुमच्या किनाऱ्याला आवडेल असं. मला जरा जास्तच."

दोकसिम चावत राहिली. तोंडात ओल्या कापडासारखं काहीतरी फिरत होतं.

"आणि सोमवारी डॉक्टर वाईटच बोलला तर?" तिनं विचारलं. "ताईसारखी नावं विसरायला लागले तर?"

"तर नावंही सांगेन."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. पण माझं आधी," बोंगनिम पुढचा घास करत म्हणाली. "शिव्या द्यायला लागेल ना तुम्हाला."